निरोपाची सुटकेस

माझ्या दारासमोर राहणारी बाई हॉस्पिटलात एक्स-रे काढते. अख्खी इमारत तिला एक्सरेबाई म्हणते, पण पाठीमागे. तोंडावर म्हणणारी मी एकटीच. कामाला चोख. माणसाला उभं करून दोन बोटांनी खांदे पुढे लोटते, हनुवटी वर करते, भिंतीआड जाते आणि तिथून आवाज देते, "श्वास घ्या. रोखा. हलू नका." मग जरा वेळानं, "सोडा." आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झोपेतही गप्प नसतात म्हणे. तेही तिथे तोंड मिटून उभे राहतात. एवढ्यासाठी तरी बाईला मानलं पाहिजे.

तर या बाईला परदेशातल्या एका हॉस्पिटलानं नोकरी देऊ केली. तिकडे एक्स-रे काढणारी माणसं कमी पडतात. नोकरीच्या जोरावर तिला तिथे राहायचा परवाना मिळणार आणि तिच्या मागोमाग नवरा आणि मुलगीही जाणार. नवरा शाळेत चित्रकला शिकवतो. मी त्याला म्हटलं, "भावजी, आता बायकोच्या पदराला धरून विमानात चढा." तो हसला. त्याला हसायला फारसं काही लागत नाही. मुलीची अट तेवढी होती. परवाना निघेल त्या दिवशी तिला अठरा पूर्ण झालेली नसावीत. झाली, की ती सज्ञान, तिनं आपलं आपण बघायचं. पण तिचा वाढदिवस तेव्हा चांगला लांब होता, त्यामुळे अट कुणी मनावर घेतली नाही.

कागदपत्रं बघणारा एजंट म्हणाला, "झालंच समजा. आता कधीही येईल." कधीही म्हटलं की आपल्याला उद्याच ऐकू येतं. बाईनं राजीनामा देऊन टाकला. सेक्रेटरींनी लगोलग गच्चीवर निरोपाचा कार्यक्रम ठेवला. त्यांना भाषण करून बरेच दिवस झाले होते. सगळ्यांनी मिळून चाकांची मोठी निळी सुटकेस दिली. बाई रडली. मीही रडले. वर्गणीसाठी जिने मी चढले होते, तेवढा हक्क होता माझा.

परवाना आला नाही.

जिन्यात जो तो विचारायला लागला, "अगंबाई, अजून इथेच?" तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तर दर वेळी नव्यानं दचकायच्या, जणू बाई आत्ताच विमानातून उतरली आहे. बाई आधी सांगायची, "येईल हो या आठवड्यात." मग नुसतंच "येईल." मग फक्त मान हलवायला लागली. पुढे भाजीला ती भर दुपारी बाहेर पडायची, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. घरात सगळं आवरून ठेवलेलं, भिंतीवरची चित्रंसुद्धा नवऱ्यानं उतरवून गुंडाळलेली. रिकाम्या खिळ्यांखाली तिघं जेवायला बसायची.

एक दिवस सेक्रेटरी तिच्या दारात. "ती सुटकेस नुसती पडूनच आहे ना? जावयाला चार दिवस फिरायला जायचंय." बाई आत गेली, सुटकेस आणून उंबऱ्यात ठेवली आणि दार लावून घेतलं. मग काय, सगळ्यांनाच ती सुटकेस दिसायला लागली. जावई झाला, तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर झाला. मी तरी मागे का राहू? बहिणीकडे मीही घेऊन गेले. डॉक्टरकडून परत आली तेव्हा हँडलला कुठल्याशा परदेशी विमानतळाची पट्टी चिकटलेली.

मी म्हटलं, "बघ गं एक्सरेबाई, तुझ्याआधी तुझी सुटकेस परदेश बघून आली!"

एरवी तिनं माझी बिनपाण्यानं केली असती. ती म्हणाली, "हो ना." आणि पट्टी तशीच ठेवून सुटकेस कपाटावर चढवली. मला कसंसंच झालं. चिमटा काढावा आणि समोरच्याला कळूच नये, तसं. सुटकेस मात्र पुन्हा खाली उतरली आणि परस्पर या घरातून त्या घरात फिरत राहिली.

मग एकदाची तिकडून विचारणा आली. तुम्ही सध्या याच कामात आहात असा दाखला पाठवा. आणि बाई तर घरी बसलेली! परवाना येणार म्हणून नोकरी सोडली आणि नोकरी सोडली म्हणून परवाना अडला. नवरा एजंटकडे धावला. एजंट म्हणाला, "राजीनामा द्या, असं मी म्हणालो होतो का?" म्हणाला नव्हता. तेही खरंच.

बाई जुन्या हॉस्पिटलात गेली. ज्यांनी फुलं देऊन पाठवणी केली होती त्यांच्याचपुढे उभी राहिली. तिनं शिकवलेली मुलगी आता तिच्या जागेवर होती. तिच्या हाताखाली बाईला तात्पुरतं घेतलं. दाखला मागितला तर म्हणाले, आधी काही महिने काम करा, मग देऊ. ती सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी यायची. मी दारात उभी राहून विचारायची, "काय गं, कशी आहे तुझी नवी साहेबीण?" ती म्हणायची, "चांगली आहे." टोमण्याला हे असलं उत्तर असतं का कधी?

दाखला मिळाला, तिकडे गेला, आणि मुलीचा वाढदिवस उजाडला. मी गेले होते. केकवर मेणबत्ती लावली. भावजी मोठ्यानं म्हणाले, "अठरा!" आणि उगाच मेणबत्ती सरळ करायला लागले. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, आजपासून माझी मी." बाई केकचे तुकडे करत होती, सगळे अगदी एकसारखे. मला म्हणाली, "ताई, प्लेट घ्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांत परवाना आला. दोघांचा.

इमारतीत दुसरा विषय नव्हता. मुलीला इथे ठेवून जातील की नाही? सेक्रेटरींनी तर निरोपाचं दुसरं भाषणही मनात जुळवलं असावं. विचारायला मात्र कुणी धजेना. मला तेव्हा खोकला झाला होता. खरंच झाला होता. पण आपला डॉक्टर सोडून मी थेट तिच्या हॉस्पिटलात का गेले, ते विचारू नका.

तिनं मला एक्स-रेच्या गार पाटीसमोर उभं केलं. "हनुवटी वर, ताई."

"परवाना आला म्हणे."

"आला."

"मग? जाणार ना?"

"खांदे पुढे." ती भिंतीआड गेली. "श्वास घ्या. रोखा. हलू नका."

मी रोखला. यंत्र टक् करून वाजलं. आता सोडा म्हणेल, मग म्हणेल. भिंतीआडून काहीच येईना. डोळ्यांत पाणी आलं, कान गरम झाले. तिला हाक मारावी तर तोंड उघडायची चोरी.

"सोडा."

"अगं, जीव गेला असता माझा! विसरलीस की काय?"

"एवढ्यानं काही होत नाही, ताई." तिनं पाटी काढून घेतली. "आम्ही दोघंच जाऊन काय करणार तिथे? नाही जात." आणि दाराकडे जाता जाता, "सुटकेस कुणाकडे आहे आत्ता?"

"दातांच्या डॉक्टरकडेच असेल. मागून आणू?"

"राहू दे त्यांच्याकडे." तिनं दार उघडून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी आले तर सेक्रेटरी जिन्यातच उभे. "गेला होतात म्हणे तिच्याकडे! काय कळलं?"

एवढी ताजी बातमी हाती असून मी आयुष्यात पहिल्यांदाच गिळली.

"काही नाही," मी म्हटलं, "छाती साफ आहे माझी."