मी भरलेली दोन काडतुसं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मैत्रिणींना नाही, आईला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या अण्णांना — माझ्या वडिलांना — तर नाहीच. एरवी माझा हात लिहिताना अडत नाही. सभेचं पत्रक उभ्या उभ्या लिहून देणारी मुलगी म्हणून नगरच्या कॉलेजात माझी ओळख होती. आजोळी, राहात्याला, मामांच्या माळ्यावर पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. हक्क, जुलूम, जाब — हे शब्द मला बाराखडीबरोबर आले. मग आज का अडखळतेय?

आधी बंदुकांबद्दल सांगते. ते सोपं आहे.

आमचं गाव नेवाशाच्या पूर्वेला, मुरमाड रानातलं. घरात दोन बंदुका. एक पणजोबांची ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची. ती आता नुसती भिंतीवर. दुसरी आजोबांनी घेतलेली दुनळी. तिचा परवाना अण्णांच्या नावावर. खरं तर मला या बंदुकांची लाज वाटायला हवी होती. माझ्या पत्रकांत बंदूक असायची ती जुलूम करणाऱ्याच्याच खांद्यावर. पण मला त्या आवडायच्या. त्यांच्या तेलाचा वास आवडायचा. दोन पिढ्यांचे गाल टेकून टेकून दुनळीच्या दस्त्याला जी झळाळी आली होती, ती आवडायची. आणि सगळ्यांत जास्त आवडायचे, ती हातात घेतलेले अण्णा.

त्यांच्यासारखा नेमबाज मी पाहिलेला नाही. तुम्ही म्हणाल, तू पाहिलेस किती? बरोबर आहे. पण नेम म्हणजे नुसतं लागणं नव्हे, हे मला त्यांच्यामुळे कळलं. ते फार कमी झाडायचे. दिवसभर रान तुडवून रिकाम्या हातानं यायचे आणि कळप कसा पळाला त्याचं वर्णन करत जेवायचे. पाण्यावर आलेल्या जनावरावर ते नेम धरत नसत. लहान असताना एकदा मी बरोबर होते, त्यांनी एका हरणीवर नेम धरला होता. "अण्णा, तिच्या पोटात पिल्लू हाय," मी कुजबुजले. त्यांनी बंदूक खाली केली. खात्रीसुद्धा करून घेतली नाही. माझा शब्द पुरला.

आमच्यात एक रीत होती, पणजोबांपासूनची. जवळचा नेम चुकला, की त्याच दिवशी बंदूक पुढच्याच्या हाती द्यायची. कारण हात गेलेला माणूस जनावर मारत नाही, जखमी करतो. ते मग काट्याकुट्यात तडफडत मरतं. आजोबांनी तशीच दिली होती. जखमी होऊन निसटलेल्या एका सशाला ते दिवस मावळेपर्यंत शोधत फिरले, आणि घरी येऊन दुनळी अण्णांच्या मांडीवर ठेवली. कुणी मागितली नव्हती. आपणहून पायउतार होणारी माणसं किती असतात? पुढाऱ्यांवर मी एवढं लिहिलंय. मला एक आठवत नाही.

काडतुसं भरायचं काम माझं होतं. विकतची महाग पडायची, म्हणून झाडलेली पितळी काडतुसं घरीच पुन्हा भरायची. बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, मग दारू, वर पुठ्ठ्याची चकती, मग शिशाचे छर्रे, पुन्हा चकती, वरून मेण. हात हलका लागतो. तात्यांचा, म्हणजे धाकट्या काकांचा, हात धसमुसळा. म्हणून अण्णांनी ते काम मला दिलं. गावात ते सांगायचे, "आमच्या पोरीच्या भरणीला तोड न्हाई." मी फुलून जायचे.

आता मुद्द्यावर येते. यायलाच हवं.

एकाहत्तर साल. पावसानं पाठ फिरवली होती. गावातली निम्मी माणसं सरकारी कामावर खडी फोडत होती, आणि जिल्ह्यातले एक पुढारी मित्रमंडळी घेऊन आमच्याकडे हरणाच्या मटणाची मेजवानी झोडायला येणार होते. शिकार अर्थातच अण्णांनी करायची. त्यांना ते रुचलं नव्हतं. पण पाहुणा दारात येतो म्हणतोय — ते नाही म्हणू शकले नाहीत.

मी सुट्टीला घरी होते. आतून पेटले होते. काय करायला हवं होतं मी? ओट्यावर जायचं आणि म्हणायचं — अण्णा, यांच्यासाठी झाडू नका. एवढंच. त्यांनी ऐकलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर आज बोलायला तोंड नाही. पण मग घरात वाद झाला असता, तात्या चिडले असते, "लई शिकली" म्हणून कॉलेजचा विषय निघाला असता. मला बंडाचा आनंद हवा होता. बंडखोर कोण ते मात्र कुणाला कळायला नको होतं.

म्हणून मी — दोन काडतुसांत छऱ्यांऐवजी बाजरी भरली.

चकती बसवली, मेण लावलं. फार सुबक झाली होती ती.

सकाळी ती दोन मीच अण्णांच्या हातात दिली आणि मीही रानात गेले. मला बघायचं होतं. काळवीट झुडपाआडून निघालं आणि आडवं उभं राहिलं, इतकं जवळ की त्याच्या शिंगांचे पीळ दिसत होते. अण्णांनी एक बार टाकला, लगेच दुसरा. काळवीट उसळलं आणि गेलं.

"काय पाटील, सलामी दिली का काय?" पुढारी म्हणाले. सगळे हसले. मीही — मनातल्या मनात — हसले.

"दादा, काडतूस सर्द झालं आसंल," तात्या म्हणाले.

अण्णांनी बंदूक मधून मोडून उघडली, रिकामी काडतुसं काढून खिशात टाकली. "काडतूस माज्या पोरीनं भरलंय. त्यात खोट न्हाई. हात गेला माजा." आणि तिथंच, हसणाऱ्या त्या माणसांसमोर, त्यांनी दुनळी तात्यांच्या हातात दिली.

एक वाक्य पुरलं असतं. मी पायाखालचा मुरूम बघत राहिले.

मेजवानी झालीच, बोकडावर. पुढच्या आठवड्यात अण्णा स्वतः नगरला जाऊन परवान्याच्या बदलीचा अर्ज देऊन आले. त्यानंतर त्यांनी घरी दाढी करणं सोडलं. वस्तऱ्याला हात लावेनात. न्हाव्याकडे जाऊ लागले. आई चिडवायची, "उद्या घास बी मीच भरवू का?" ते म्हणायचे, "हाताचा भरवसा न्हाई गं." त्यांचा हात कापत नव्हता. मी बघायचे ना — चहाचा थेंब बशीत सांडत नसे. कधी वाटतं, बाजरीच्या बाराचा धक्का हलका बसल्याचं त्यांच्या खांद्याला कळलं असेल. मला वाचवण्यासाठीच त्यांनी दोष आपल्यावर घेतला असेल. पण तसं असतं, तर त्यांनी वस्तरा का सोडला असता? ही समजूत मी माझ्या सोयीसाठी करून घेतलेली आहे.

तात्यांनी बंदूक हाती आल्यावर काय केलं? कुणाचीतरी जीप घेऊन ते रानात शिरू लागले. पाणवठ्यावर बसून झाडू लागले. गाभण मादी, पाडस — काही बघितलं नाही. अण्णांनी इतक्या वर्षांत मारली नसतील तेवढी हरणं त्यांनी एका उन्हाळ्यात मारली.

मग मी लेख लिहिला. दुष्काळात मुक्या जनावरांच्या कत्तलीवर. कुणाचं नाव घेतलं नाही, पण कडक लिहिला. नगरच्या एका साप्ताहिकात छापून आला. अण्णांनी त्याच्या प्रती विकत घेतल्या. नेवाशाच्या एसटी स्टँडवर चहावाल्यापुढं त्यांनी तो अंक उघडून धरला आणि म्हणाले, "वाच. माज्या पोरीनं लिवलंय. कुनाला भेत न्हाई ती."

मी शेजारीच उभी होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान ताठ केली.