शेळीला शिकवायला गेलो

भोरच्या कॉलेजात मी मुलांना मानसशास्त्र शिकवतो. बक्षीस दिलं की वागणं वाढतं, शिक्षा केली की दबतं, हे इतक्या वर्गांना सांगून झालंय की फळ्यालाही पाठ असेल. त्यामुळे विंझरला घरामागच्या माझ्या पावट्यात शेजारच्या मावशींची शेळी घुसायला लागली, तर मला राग नाही आला. हुरूप आला.

रविवारी सासूबाई येणार होत्या. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, "जावयांनी पाणी घातलं तर निवडुंगसुद्धा मरेल." त्यांना घरच्या पावट्याची उसळ खाऊ घालायचीच, असा मी विडा उचलला होता.

आधी शिक्षा. शेळी आत शिरली की पाइपनं फवारा. चार दिवसांत ती शिकली. काय शिकली? लाल स्वेटरवाला, म्हणजे मी, घरी असताना जायचं नाही. मी एसटीत बसलो रे बसलो, की बाईसाहेब पावट्यात.

मग बक्षीस. ती वाफ्यातून बाहेर आली की फाटकाशी भाकरीचा तुकडा. अशी तुरुतुरु बाहेर यायला लागली की मी बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं. बायको बघत राहिली आणि म्हणाली, "पण बाहेर यायला ती आधी आत जाते ना?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शेळी आत जायची, एक शेंडा तोडायची, बाहेर येऊन माझ्या खिशाकडं बघायची. दिवसातून बारा वेळा.

मावशी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "मास्तर, आमच्या शेळीला नोकरीलाच लावली की वो तुमी!"

"शिकवतोय तिला, मावशी."

"व्हय, दिसतंय. आता घरी पाल्याला तोंड लावत न्हाई. भाकरीच मागती!"

शनिवारी मी भाकरी बंद केली. पुस्तकात याविषयी एक वाक्य आहे: बक्षीस बंद केलं की वागणं थांबण्याआधी एकदा जोरात उसळतं. परीक्षेला येत नाही म्हणून मी ते दरवर्षी गाळतो.

शेळीनं गाळलं नाही. आधी ओरडली, मग फाटकाला धडका दिल्या, मग फाटकच घेऊन आत गेली. मी स्वेटर घालून समोर उभा राहिलो, तर तिनं माझ्याकडं बघत बघत पावटा फस्त केला.

"पिठलं टाकू का?" बायकोनं एवढंच विचारलं.

रविवारी सासूबाईंच्या पिठल्यात मी पावट्याचे सात दाणे घातले. स्वतः सोललेले. त्यांनी ते बोटानं मोजले. मग त्या टरफलं टाकायला स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या. बाहेर शेळी उभी होतीच.

"अगं बाई, किती गुणाची!" असं म्हणत त्यांनी टरफलं तिच्या तोंडाशी धरली, वर अर्धी भाकरी.

"आई, नको!" मी ओरडलो.

सोमवारी सकाळी पावट्याकडं कुणी फिरकलं नाही. स्वयंपाकघरातून मात्र बायकोची हाक आली, "अहो, तुमची विद्यार्थिनी खिडकीतून आत येतेय!"