तालीम नव्हती ती

आणीबाणी उठली त्या साली, मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अड्याळ सोडलं. माझ्या हातात पत्र्याची पेटी होती आणि दारात माय उभी होती. तिनं पदर खोचला, एक पाऊल पुढं टाकलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलंस, की तू मला मेलीस आणि मी तुला मेले!" सडा टाकणाऱ्या बायका हातातलं थांबवून बघत राहिल्या. मध्ये कुणी पडलं नाही. शेजारची ठकूकाकू तर कौतुकानं मान हलवत होती. सगळ्यांना वाटलं, गिरजाबाईची तालीम चालू आहे.

त्यांना तरी कसा दोष देऊ? वाक्य नाटकातलंच होतं. आदल्याच रात्री मंडईच्या नाटकात मायनं ते म्हटलं होतं, आणि संध्याकाळी पवनीकडच्या एका गावात पुन्हा म्हणणार होती. धान कापून झालं की आमच्याकडं गावोगावी मंडई भरते, नाटकं होतात, लेकी माहेरी येतात. मी त्याच दिवसांत माहेरातून निघाले. एस.टी. भंडाऱ्याला लागेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की हिला मला हाकलायला स्वतःचं एक वाक्यसुद्धा सुचलं नाही.

बाबा नाटक मंडळात पेटी वाजवायचे. ते गेल्यावर मंडळानं मायला उभं केलं, कारण नागपूरच्या नट्या परवडत नव्हत्या. आधी ती नायिका झाली. लोक टाळ्या वाजवायचे, पण लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारचा पाट रिकामा राहायचा. माय ते बघायची आणि मुकाट जेवायची. पुढं मी वाढले, आणि मंडळाचे मालक एकदा आमच्या ओसरीवर येऊन म्हणाले, "गिरजाबाई, पोरगी तुमच्या खांद्याले लागली. आता मायचं काम घ्या." मी तिथंच तांदूळ निवडत होते. मायनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी मुद्दाम उंच झाले होते. त्या दिवसापासून आमच्यात जे आंबट झालं ते कधी निवळलं नाही.

खाष्ट आईच्या कामात मात्र माय अशी चालली की विचारू नका. लेकीला घराबाहेर काढायचा प्रवेश आला की प्रेक्षकांतून "वन्समोर" सुरू व्हायचं. मग हाकललेली लेक विंगेतून पुन्हा घरात यायची आणि माय तिला पुन्हा हाकलायची. लोक पोटभर रडायचे. घरी हीच माय गळा जपायची म्हणून कुजबुजल्यासारखी बोलायची. गालात काळी मिरी आणि खडीसाखर. रागवायची तीसुद्धा डोळ्यांनी. मला वाटायचं, हिचा आवाज गावाचा आणि आपल्या वाट्याला नुसते डोळे.

लेकीचं काम करणारी पोरगी लग्न होऊन गेली, तेव्हा माय म्हणाली, आता तू उभी राहा. मामानं मला भिलाईला नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी बोलावलं होतं. मी मायला नाही म्हटलं.

"माह्या बाजूले उभं रायाची लाज वाटते तुले?" तिनं विचारलं.

"लाज नाई," मी म्हटलं, "पन रोज तुह्या हातानं घराबाहेर निघायले मले नाई जमत."

आणि मग खरीच निघाले.

भिलाईत मी सिस्टर झाले, दीदी झाले, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. शिफ्टची ड्यूटी, सायकल, मेसची पोळी, बोलणं सगळं हिंदीत. पण पाय ठरेना. मी खोल्या बदलल्या, वॉर्ड बदलून मागितले, पलंग या भिंतीचा त्या भिंतीला लावला. दिवाळी सरली, मंडईचे दिवस आले की माझे फार हाल व्हायचे. त्या दिवसांत मी आपणहून डबल ड्यूटी घ्यायची. पुढं क्वार्टरांमध्ये टीव्ही आले. मालिकेत कुणी दुष्ट आई पोरीला टाकून बोलली की शेजारणी म्हणायच्या, "कैसी माँ है!" आणि डोळे पुसायच्या. मी उठून बाहेर जायची. गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या दूर गेलेल्या माझ्या सोबतिणींनो, तुम्हाला तरी असं कधी झालं का, की परक्याच्या घरात, परक्या भाषेत, आपलीच माय ऐकू यावी?

मग एकदा ठकूकाकू तिच्या जावयाला घेऊन आमच्या दवाखान्यात आली. मला ओळखून तिनं आधी पोटभर रडून घेतलं. म्हणाली, "आमाले तं तालीमच वाटली वं त्या दिवशी. नाई तं जाऊ देलं असतं का तुले?" मग म्हणाली, "तुही माय आता वन्समोर देत नाई. लोकं वरडून राह्यते, हे एकडाव म्हंते आन आत निघून जाते."

त्या वर्षी मंडईला मी गेले. माय ओसरीवर बसली होती, पुढचे दात पडलेले. माझ्याकडं न बघता ती ठकूकाकूला म्हणाली, "घड्याळ बांधून आली. इचार तिले, भात खाते का भिलाईची पोळीच लागते." राहिले तेवढे दिवस असंच चाललं. तिला मला काही सांगायचं असलं की ठकूकाकूमार्फत, काकू नसली तर गाईमार्फत. मी तिच्याच ताटलीत जेवत होते, तिचे पाय चेपून देत होते, आणि ती मला म्हणून एक शब्द बोलत नव्हती. मला राग येत होता. निघायच्या सकाळी तर वाटलं, उगाच आले.

पेटी उचलली. तीच आळी, तेच सडे, त्याच बायका बघायला उभ्या. माय दारात आली. मी उंबरठ्यावर थांबले आणि न राहवून विचारलं, "वन्समोर काहून देत नाई तू आता?"

माय माझ्या अगदी जवळ आली. पदर खोचला नाही. गळा जपतानाच्या त्या घरच्या आवाजात म्हणाली, "एकडाव म्हटलं तं पोरगी गेली. दुसऱ्यांदा कायले म्हनू?"

"मोठ्यानं बोल ना वं गिरजाबाई," पलीकडून ठकूकाकू म्हणाली, "आमाले काईच आयकू नाई आलं."

"तुमच्यासाठी नोहोय ते," माय म्हणाली, आणि माझ्या पेटीची कडी नीट लागली आहे का ते चाचपून पाहिलं.

तिनं राहा म्हटलं नाही, मीही राहिले नाही. भिलाईत अजूनही मी अधूनमधून पलंग हलवते. घर कुठलं असं इथं कुणी विचारलं की मी अड्याळ सांगते, पण मनात येतो तो उंबरठाच. त्याच्या आत मला राहवत नाही आणि त्याच्यापासून फार लांबही जाववत नाही. माय जे फक्त मला म्हणाली ते तिथूनच ऐकू येतं.