कुलूपबंद गाडीतलं पाणी

भूतखेत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. आणि जे मानतात त्यांनाही मी फारसं मानत नाही. तुमच्या या पानावर लोक लिहितात, मी वाचतो. कुणाला पिंपळाखाली पांढरी साडी दिसली, कुणाच्या मागनं पावलं वाजली. अरे, वळून बघायचं होतं की! बघायला कोणी जात नाही. पळत सुटायचं आणि मग चार पानं लिहायची. मी बघणाऱ्यातला माणूस आहे. आणि हौसेनं लिहीत नाही, यात माझी बत्तीस वर्षं पाळलेली शपथ गेली आहे.

शपथ काय ते आधी सांगतो. मी चिकोडीकडच्या एका गावचा, चौथी नापास. शेतात मन नव्हतं, पत्रा ठोकायचा नाद. थोरल्या भावाला ते कमीपणाचं वाटायचं. एक दिवस त्यानं माझी हत्यारांची पिशवी — हातोड्या, ऐरणीचा तुकडा, कात्री, सगळं — वाड्यावरच्या चार माणसांदेखत आमच्या विहिरीत टाकली. म्हणाला, "ठोक आता पाण्यात." मी तिथंच सांगितलं, या विहिरीचं पाणी परत जिभेला लावणार नाही. आणि बेंगळूरची गाडी धरली. मधे आई गेली तेव्हाही गेलो नाही... तो निरोप उशिरा आला हे खरं, पण लवकर आला असता तरी गेलो असतो का, देव जाणे.

जयनगरात माझं शेड होतं. गाड्यांचं डेंटिंग, दारं, काचा. पण नाव होतं ते गळतीसाठी. गाडीत पाणी कुठनं शिरतंय हे शोधणं इंजिनवाल्या मेस्त्र्यांच्या बापाला जमत नाही. जिथं पाणी दिसतं तिथंच ते भेगा बुजवायची लांबी फासतात. पाणी जिथं दिसतं तिथनं ते आलेलं नसतं, एवढी साधी गोष्ट! माझी पद्धत अशी — आतलं सगळं काढायचं, पत्रा कोरडा करायचा, त्यावर तोंडाला लावायची पावडर भुरभुरायची, मग बाहेरनं नळी मारायची. तीही खालून वर सरकत. वरून सुरू केलं की सगळीकडनंच पाणी आल्यासारखं दिसतं. आत पावडरीवर रेघ उठते, ती रेघ उलटी धरत गेलं की भोक सापडतं.

आणि दुसरं म्हणजे मी पाणी चाखतो. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं. पावसाचं सपक लागतं, रेडिएटरचं गंजकट, धुण्याचं साबणाचं. लोक तोंडं वाकडी करतात. करोत. त्यांची गाडी गळतेय, माझी नाही.

नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. ऑक्टोबर, इथला पाऊस रोज चारच्या ठोक्याला. एक पुण्याचा पोरगा गाडी घेऊन आला. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो... हरवला तर कोणी आणून द्यावा म्हणून असेल.

"काका, लेफ्टला फ्रंट सीटच्या खाली फुल पाणी येतं. तीन गॅरेज झाली. सगळे म्हणतात विंडशील्ड."

"काच म्हण."

"हां, काच. तिचं रबर दोनदा बदललं."

"तू काम काय करतोस?"

"वायटूके. म्हणजे काका, दोन हजार साल लागलं ना की जगातले सगळे कंप्युटर..."

"जगाचे कंप्युटर वाचवतोस आणि पायाखाली पाणी कुठनं येतंय ते कळेना तुला?"

हसला. हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो. म्हणाला, "प्लीज काका, रविवारी बाबा येतायत पुण्याहून. त्यांचे गुडघे दुखतात, ओल्यात पाय ठेवून कसं बसवू?" बापासाठी म्हणाला म्हणून गाडी ठेवून घेतली.

खालची चटई उचलली तर कुबट वास. काचेच्या कडेला तिघांनी श्रीखंड थापल्यासारखं सीलर थापलेलं. पाणी चाखलं. पावसाचंच, पण पाल्याची चव. तिथंच मला कळलं! बॉनेटच्या मागं, काचेखाली जाळी असते, तिथलं पाणी खाली जायला एक भोक असतं. ते गुलमोहराच्या पाल्यानं गच्च बुजलेलं, आणि साचलेलं पाणी शेजारच्या फाटक्या रबरी बुचातनं आत. तीन गॅरेजवाले काच चाटत बसले, पण बॉनेट उघडून बघायचं एकालाही सुचलं नाही. भोक साफ केलं, बूच बदललं, पत्रा पुसला, पावडर मारली, अर्धा तास नळी धरली. पावडर जशीच्या तशी. झालं काम.

चटई वाळायची होती म्हणून गाडी शेडमध्येच ठेवली. काचा वर, चारी दारं कुलूपबंद, चावी माझ्या कनवटीला. शेडला वेगळं कुलूप. रात्री पाऊस पडला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

सकाळी आठला दार उघडलं. डाव्या बाजूला, पुढच्या सीटखाली, चार बोटं पाणी. नितळ. आणि भोवतीच्या पावडरीवर एक रेघ नाही! वरून नाही, बाजूनं नाही, पत्र्याच्या जोडातनं नाही. जणू कुणी कळशी टेकवून अलगद ओतलं असावं. पण ओतलं तर शिंतोडे उडतात. तेही नव्हते.

शेजारी फुलं विकणारी अक्का डोकावली. "अण्णा, दृष्टि आगिदे." म्हणजे नजर लागलीय. "लिंबू बांध स्वल्प."

"अक्का, लिंबानं गळती थांबली असती तर मी भाजी मार्केटात बसलो नसतो का? फुलं बघ तुझी."

"सरी, सरी..." म्हणजे बरं, बरं करत गेली. मी सवयीनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

आधी कडवट. मग घशाशी उतरताना गोड. मागनं लोखंडाची चव.

आमच्या विहिरीच्या काठाला कडुनिंब होता. त्याची मुळं दगडांतनं पाण्यात उतरली होती, म्हणून ते पाणी आधी कडू आणि मग गोड. पाहुणे पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचे आणि दुसरा तांब्या मागायचे. तसलं पाणी मी दुसरीकडं कुठंच प्यालेलो नाही. लोखंडाची चव तेवढी नवीन होती.

मी परत बोट बुडवलं नाही. एकदा चुकून लागलं ते लागलं. आधी वाटलं कोणी थट्टा केली. पण शपथेचं बेंगळूरात कुणाला ठाऊक नव्हतं, बायकोलाही सांगितलं नव्हतं. गाडीचा आधीचा मालक म्हैसूरचा, त्याचा आमच्या गावाशी संबंध शून्य. दुपारी पोरगा आला तेव्हा त्याला पाण्याकडं बोट दाखवलं.

"चाख."

"काका, ईऽऽ! काय..."

"बाप येणार ना रविवारी? चाख."

डोळे मिटून चाखलं त्यानं. "कडू आहे... नाही, थांबा... गोड आहे?"

म्हणजे माझी जीभ बिघडली नव्हती. त्याला म्हटलं, दोन दिवस दे. मी ते पाणी काचेच्या बाटलीत भरलं, घट्ट बूच मारलं, उरलेलं पुसून घेतलं, आणि संध्याकाळची निपाणीची बस धरली. भेटायला नव्हे. दोन पाणी शेजारी ठेवून बघायला. सुटा भाग जुन्याशेजारी ठेवून बघतात, तसं.

सकाळी दारात उभा राहिलो. भाऊ सोप्यात बाजेवर बसलेला. पाठीला बाक आला होता, पण आवाज तोच.

"आलास? कोण मेलं?"

"कोणी नाही. विहिरीचं पाणी बघायला आलोय."

"शपथ सुटली वाटतं."

"विहीर दाखव, दादा."

"विहीर कुठली? आटली, बुजवून आठ वर्षं झाली. निंबही तोडला. आता बोअरचं पाणी पितो आम्ही." मग दुसरीकडं बघत म्हणाला, "तुझी हत्यारं तळालाच राहिली. बुजवायच्या आधी काढायला हवी होती... राहून गेलं."

बत्तीस वर्षांत एवढंच! मी बाटली पुढं केली. त्यानं बूच काढलं, वास घेतला, एक घोट घेतला आणि थांबला.

"कुठनं आणलंस हे?"

"बेंगळूरला एका गाडीत साचलं होतं."

"शाळा झाली नाही तुझी, पण खोटं तरी धड बोलायला शिकायचं होतंस!"

असं म्हणाला आणि बाटली तोंडाला लावून गटागटा प्यायला लागला. मी ओरडलो, "दादा, ठेव की थोडं, माझा पुरावा आहे तो!" कसला ठेवतोय. थेंब न् थेंब संपवला, मिशा पुसल्या, आणि लहान पोरासारखं विचारलं,

"अजून आहे?"

वहिनीनं मला तांब्या आणून दिला. बोअरचं पाणी, मचूळ, कपडे धुवायच्या लायकीचं. मी ते सगळं प्यालो. सांगून टाकतो, शपथ विहिरीची होती, बोअरची नव्हे.

परत आलो तर गाडीत पावडर कोरडी ठणठणीत. पुन्हा नळी मारली, काही नाही. पोरगा गाडी घेऊन गेला, बाप बसून हिंडला, पुढचे दोन पावसाळे एक थेंब आला नाही. तो सगळ्या इलेक्ट्रॉनिक सिटीभर सांगत सुटला की काकांनी गळती कायमची बंद केली. लोक गाड्या घेऊन माझ्याकडं यायचे.

भावाचा दर महिन्याला निरोप यायचा, गाडी परत गळली का? मी कळवायचो, नाही. तो गेला त्या महिन्यातही विचारलं होतं.

पाल्याची गळती मी बंद केली, त्यात वाद नाही. दुसरी कुठनं आली ते मला सापडलं नाही, आणि ती थांबली ती माझ्या हातानं नाही. हे लिहायला माझ्या जिवावर येतं. शहाण्या लोकांना कारण सुचेलच, त्यांनी ते आपल्याजवळ ठेवावं. त्यांनी ते पाणी चाखलेलं नाही.