रिकामं हेल्मेट परत देऊ नये

५ फेब्रुवारी २०२४ रोजी आमच्या सायकल संस्थेने चाळीस हेल्मेटांचे अठ्ठावीस हजार चारशे रुपये चुकते केले. भिवपुरी स्टेशनाबाहेर संस्थेच्या भाड्याच्या सायकली उभ्या असतात. गाडीतून उतरलेली माणसं त्या घेऊन वीजकेंद्राच्या वसाहतीकडे नाहीतर आसपासच्या गावांत जातात आणि परतताना आणून लावतात. रस्त्यावर डंपर वाढले, म्हणून सायकलीबरोबर हेल्मेटही द्यायचं ठरलं. एकच हेल्मेट आज एकाच्या डोक्यावर, उद्या दुसऱ्याच्या. ती धुवायला, वाळवायला आणि हातात द्यायला हिरूबाईंना ठेवलं.

त्याआधी त्या कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये चादरी धुवायच्या. "तिथं दिवसभर वाफ," त्या सांगत. "समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाय. इथं बगा, गाडी येते, माणसं येतात, वारा येतो."

संस्थेचे हिशेब पाहायला मी दर शनिवारी खालापूरहून येतो. स्टँडच्या मागे एक मोठा करंज आहे. हिरूबाईंनी त्याच्या फांद्यांना दोरी बांधली होती आणि धुतलेली हेल्मेटं पट्ट्यांनी तिच्यावर टांगली होती. त्या दिवसांत सकाळी डोंगराच्या पायथ्याशी दाट धुकं असे. झाड दिसत नसे, दोरीही दिसत नसे. चाळीस हेल्मेटं नुसती हवेत तरंगत असत, उलटी, कोणीतरी काही वाढेल म्हणून थांबलेल्या वाडग्यांसारखी. हिरूबाई त्यांच्यामधून हळूहळू चालत, हाताने एकेक चाचपत, आणि त्यांचाही फक्त पदर तेवढा दिसे.

पण हेल्मेट कोणी घेईना.

जितेश म्हणून एक जण वीजकेंद्रात ऑपरेटर आहे. त्याने एक हातात घेऊन आतून बाहेरून पाहिलं. "मावशी, हे कोणाकोणाच्या डोक्यावर गेलंय?"

"अजून कोणाच्याच नाय. कोरं हाय."

"आणि उद्या?"

"उद्या तुझ्या डोक्यावरचं कोण घालणार, त्याची काळजी मला हाय रं!"

तो हसला आणि उघड्या डोक्याने निघून गेला. जानकीबाई पलीकडच्या गावातल्या, अंगणवाडीत मदतनीस. त्यांनी खरं ते सांगितलं. "राग नको मानू हिरू. कितीबी धुतलं तरी कोणाच्या उष्ट्या ताटात जेवल्यावानी वाटतं गं."

उष्टं हा शब्द हिरूबाईंच्या मनात बसला. पुढच्या शनिवारी मी आलो तेव्हा प्रत्येक हेल्मेटात केळीच्या पानाचा तुकडा होता आणि त्यावर मूठभर बोरं. जितेशने बोरं उभ्याउभ्याच संपवली. बिया थुंकून होईतो हिरूबाई थांबल्या.

"ज्यात खाल्लंस ते डोक्यावर ठेवायला काय होतं रं आता?"

त्याने हेल्मेट घातलं.

त्या दिवशी जानकीबाईंनीही हेल्मेट नेलं, आणि संध्याकाळी ते परत आलं ते वालाच्या शेंगांनी भरून. "भांडं रिकामं कसं परत देऊ गं?" असं म्हणत त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढे केलं. मग तसंच सुरू झालं. कोणी गुळाचा खडा घालून आणी, कोणी दोन अंडी, कोणी ओंजळभर मोगरा. आलेलं हिरूबाई दुसऱ्या हेल्मेटात घालून पुढच्या माणसाला देत. एका गावच्या शेंगा दुसऱ्या गावात शिजू लागल्या. संध्याकाळच्या तांबूस उजेडात चढावरून उतरणाऱ्या सायकली पाहिल्या की वाटे, वाण घेऊन माणसं एकमेकांकडे निघाली आहेत. उष्टं हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही.

मार्चमध्ये संस्थेचे अध्यक्ष रोहिदास यांनी बैठकीत ठरवून टाकलं. महिनाअखेरच्या शनिवारी मोजणी करायची. पाचांहून अधिक हेल्मेटं कमी भरली, तर हेल्मेटं बंद. सायकली चालू राहतील.

"हेल्मेटं बंद म्हंजे मी परत वाफेत," हिरूबाई म्हणाल्या.

आणि नेमकी तेव्हाच दोरी मोकळी होऊ लागली. सायकली परत येत, हेल्मेटं येत नसत. तिसऱ्या आठवड्यात निम्मीही उरली नव्हती. मला वाटलं, लोकांनी लांबवली. जितेश रोज म्हणे, "उद्या आणतो मावशी," आणि मान खाली घालून गाडीकडे पळे. शेवटी हिरूबाईंनी जानकीबाईंची सायकल हँडलला धरून थांबवली.

"जानकी, चार दिस झाले. कुठं हाय हेल्मेट?"

जानकीबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घरी खुंटीला हाय गं. कुठं जातंय? पण महिनाअखेर. वाल संपले. टाकायला काय नाय घरात. रिकामं आणलं तर लोकं काय बोलतील?"

मग जितेशनेही कबूल केलं. "बायको म्हणते, शेजाऱ्यांनी अंडी दिली, आपण काय बोरं द्यायची? चकल्या करते, मग ने. आता भाजणी दळून यायचीय."

हिरूबाई स्टँडच्या खोलीच्या पायरीवर बसल्या. "म्या भरून दिलं, म्हणून ती अडली," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं."

त्यांनी वर पाहिलं. करंज फुलला होता आणि वारा नसतानाही फुलं लाह्यांसारखी खाली येत होती. दोरीवरच्या उलट्या हेल्मेटांत ती आवाज न करता साठत होती. त्या उठल्या, हाताला येईल ते एक पान तोडलं आणि जानकीबाईंच्या हातात दिलं.

"हे टाक त्यात. पान असलं की भांडं रिकामं नाय. सगळ्यांना सांग. अंगणात जे झाड असंल त्याचं एक पान. चकली नको, काय नको."

मोजणीच्या दिवशी रोहिदास खुर्ची टाकून करंजाखाली बसले. दुपार कलली तशी माणसं येऊ लागली. हेल्मेटात आंब्याचं पान, फणसाचं, बांबूचं, पेरूचं. माणसं हेल्मेट देत होती आणि बाजूला उभी राहत होती. रोहिदासांनी पहिलं हेल्मेट झाडण्यासाठी उलटं केलं, पान मांडीवर पडलं, त्यांनी ते क्षणभर पाहिलं आणि परत आत ठेवलं.

"पानासकट मोजू," ते मला म्हणाले.

फुलं त्यांच्या टकलावर पडत होती. ती त्यांनी झटकली नाहीत. उजेड जाईपर्यंत सदतीस हेल्मेटं दोरीवर लागली. तिघांची आली नाहीत. त्यांत एक जितेशचं. चकल्या तळायच्या होत्या.

"चालू राहू द्या," रोहिदास म्हणाले, आणि खुर्ची उचलून आत गेले.

हिरूबाईंनी शेवटच्या हेल्मेटाचा पट्टा दोरीला अडकवला. मग मी तिथेच त्यांना मार्चचा पगार दिला. सुटे नव्हते. हिरूबाईंचे वीस रुपये अजून देणे आहेत.