तिघांत वाटलेली ऊब
नव्या नायलॉनचा रबरी वास आला की माझं डोकं आजही तापतं. नव्वदच्या दशकात हिमालयात ट्रेकला जायचं म्हणून मी बंगळुराबाहेर बोम्मसंद्र्याच्या कपड्यांच्या कारखान्यांत जाऊन, परदेशी जाणाऱ्या मालातून शिवण चुकल्यामुळे बाजूला काढलेल्या कपड्यांचा ढीग उपसला होता. अंगालगत लोकरीचा पातळ बनियन, त्यावर सैल स्वेटर, वरून वारा-पाऊस अडवणारं नायलॉनचं जाकीट. बंगळुरातल्या भर दुपारी हे तिन्ही चढवून आरशासमोर घामाने निथळत उभा राहिलो आणि स्वतःला मोठा गिर्यारोहक समजलो. निघायच्या आदल्या दिवशी दोघे चुलतभाऊही यायला तयार झाले, तेही नुसत्या सुती शर्टांवर. आईने माझी बॅग उघडली. "एकाच्या अंगावर तीन-तीन, आणि ही दोघं उघडी? हे काही सरी नाही, बरोबर नाही!" म्हणत तिने प्रत्येकाला एकेक कपडा वाटला. मी ओरडलो, "आई, हे प्रसादाचे लाडू नाहीत, तिन्ही एकावर एक घालायचे असतात!" थोरला चुलतभाऊ माझा स्वेटर चढवत म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट कर की रे." वर डोंगरात बनियनवाल्याला वारा झोंबला, स्वेटरवाला पावसात भिजला, आणि मी सुती शर्टावर जाकीट घालून कुडकुडत दोघांना शिव्या घालत होतो. रागाने अंग तापतं म्हणतात, ते साफ खोटं आहे. अर्ध्या वाटेवरून तिघेही परतलो, तर आई दारातच म्हणाली, "बघ, कुणालाच कमी पडलं नाही ना?" आज माझी मुलगी ट्रेकला निघाली आहे. तिच्या बॅगेला मी कुलूप लावलंय, आणि आई सकाळपासून किल्ली मागते आहे.