हुग्गीचं पहिलं ओगराळं

रुद्रप्पाबद्दल मी लिहितोय ते त्याच्यावर उपकार म्हणून नाही. उपकार करायची वेळ त्र्याहत्तर सालच्या श्रावणात आली होती, आणि तेव्हा मी शेपूट घातली.

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या पुढं दोन कोसांवरचं ते गाव. मी मूळचा माढ्याकडचा, पण त्या गावात प्राथमिक शाळेत मास्तर होतो. महादेवाच्या देवळापुढं दगडी पायऱ्यांचं तळं, तळ्यात देवाला सोडलेले रोहू मासे, आणि रुद्रप्पा त्यांचा राखणदार. लिंगायताच्या घरचा. माशाच्या वासानं ज्याच्या पोटात ढवळावं असा हा माणूस, पण माशांच्या पोटाची काळजी त्याच्याइतकी कुणी केली नसेल. रोज सकाळी तो ओंजळभर पाणी तोंडात घेऊन चूळ भरायचा आणि पाणी कसं आहे ते सांगायचा. महिन्याकाठी मोजून चुना टाकायचा. शेवाळ काढायचा. माशांना दिवसातून एकदाच, मूठ-दोन मूठ कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. बाकी कुणी भाकरी टाकायला आलं की काठी घेऊन उभा. त्यामुळं गावात त्याचं नाव चिक्कू पडलं होतं. देवाच्या माशांना हा उपाशी मारतो, असं बायाबापड्या उघड म्हणायच्या.

एकदा कुणी सरकारी साहेब मत्स्यपालनाचं पत्रक देऊन गेला. रुद्रप्पाला वाचता येत नव्हतं. मी कट्ट्यावर बसून त्याला ते वाचून दाखवलं. अन्न पाण्यात कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात, असं त्यात सरळ लिहिलं होतं. ते वाक्य त्यानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "बगा मास्तर, मी काय येडा न्हाय की," म्हणाला आणि खूष होऊन हसला.

मग दुष्काळ आला. तळं आटत आटत गुडघ्यावर आलं. रुद्रप्पानं खांद्यावर कावड घेऊन लांबच्या विहिरीचं पाणी आणून ओतलं, पहाटे उठून बांबूनं पाणी बडवलं, म्हणजे त्यात हवा मिसळावी. त्याची बायको अक्कम्मा दुसऱ्या कावडीला होती. मूलबाळ नव्हतं त्यांना. ती महादेवाला नवस बोलली, उन्हाळा संपेपर्यंत मासे जगले तर त्यांना हुग्गी, म्हणजे गुळातली गव्हाची खीर, जेवू घालीन.

मासे जगले. दुसऱ्या पावसाळ्यात तळं निम्मं भरलं, आणि अक्कम्माचा नवस गावानं उचलून धरला. सरपंच ईश्वरप्पा म्हणाले, एकट्या बाईनं कशाला, सगळ्या गावाची हुग्गी करू. श्रावणी सोमवारी गूळ-गव्हाच्या चार मोठ्या काहिली चढल्या. माणसं जेवून उठली आणि दोन भरल्या काहिली तळ्याकडं निघाल्या.

रुद्रप्पा ईश्वरप्पांपुढं पायरीवर आडवा झाला. "अण्णा, पाया पडतो. मूठभर टाका, मानाचं म्हून. एवडं टाकलं तर एक बी वाचायचा न्हाय. मास्तरला इचारा, त्येनी वाचून दाखिवलंय."

सगळे माझ्याकडं वळले. ईश्वरप्पांच्याच घरात मी राहत होतो, आणि माझ्या बदलीचा अर्जही त्यांच्याच शब्दावर अडला होता. मी म्हणालो, "एका दिवसानं काय होतंय?"

दोघांनी रुद्रप्पाला काखेत हात घालून बाजूला केलं. ईश्वरप्पा मोठ्या मनानं म्हणाले, "पयला मान अक्कम्माचा." तिनं नवऱ्याकडं पाहिलंही नाही. आनंदानं डोळे भरले होते तिचे. पहिलं ओगराळं तिनं ओतलं, मग काहिली उपड्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर आले आणि पाण्याबाहेर तोंडं काढून उघडझाप करू लागले. गाव लोटलं. देवाचे मासे आणखी मागतायत, असं कुणीतरी ओरडलं, आणि लोक घरी धावले. कुणी चुरमुरे आणले, कुणी कालची भाकरी. मरणाऱ्याच्या तोंडात आम्ही घास कोंबत होतो. आम्ही म्हणतो, कारण एक मूठ चुरमुरे माझ्याही हातात होते आणि चार लोक बघतायत म्हणून मी ते टाकले. रुद्रप्पा बांबू घेऊन पाण्यात उतरला आणि वेड्यासारखा पाणी बडवू लागला. "देवाच्या माशास्नी मारतूस व्हय रं?" म्हणत लोकांनी त्याला ओढून बाहेर काढला आणि तुडवला. दुपारपर्यंत सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरलं.

संध्याकाळी कट्ट्यावर पंच बसले. नवसाच्या प्रसादानं मासे मेले, असं कोण म्हणणार? कुणाला तरी आठवलं की चार दिवसांपूर्वी रुद्रप्पानं चुना टाकला होता. ईश्वरप्पांनी विचारलं, "चुना जास्त झाला का न्हाय? खरं बोल."

रुद्रप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी चपलेचा अंगठा नीट करू लागलो. मग त्यानं बायामाणसांत बसलेल्या अक्कम्माकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "व्हय. चुना जास्ती झाला."

मला सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू?

पंचांनी ठरवलं की मारले त्यानंच काढायचे, हातानं, आणि मग गाव सोडायचं. ज्यानं जन्मात मेला मासा हातात धरला नव्हता, तो दोन दिवस कुजके मासे टोपलीत भरत होता. ओकायचा, तोंड धुवायचा, पुन्हा उतरायचा. लोक नाकाला पदर-पंचा लावून बघत होते. अक्कम्मा टोपली उचलून खड्ड्यापर्यंत न्यायची, आणि वाटेत सगळ्यांदेखत नवऱ्याला बोल लावायची. "माजी लेकरं चुन्यानं भाजून मारली ह्येनं," म्हणायची.

माझी बदली सोलापुरात झाली. रुद्रप्पाही तिथंच एका मागवाल्याकडं सुताचे गठ्ठे वाहत होता. अठ्ठ्याहत्तर साली कळलं की त्यानं अंथरूण धरलंय. पाच वर्षं मला जे सलत होतं, ते एकदाचं टाकून मोकळं व्हावं म्हणून मी त्याच्या खोलीवर गेलो. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. अक्कम्मा चुलीपाशी भाकरी थापत होती. मला बघून म्हणाली, "या मास्तर. अजून पाप फेडतोय बगा ह्यो."

मी त्याच्या उशाशी बसलो आणि धडाधडा बोलून टाकलं. "रुद्रप्पा, मला माफ करा. चुन्यानं काही झालं नव्हतं. मासे हुग्गीनं मेले. मला तेव्हाच माहीत होतं."

भाकरीची थाप थांबली.

रुद्रप्पा हळूहळू दुसऱ्या कुशीवर वळला. माझ्याकडं नाही, तो चुलीकडं बघत होता. अक्कम्माचे पिठाचे हात तसेच परातीत होते, आणि ती त्या हातांकडं बघत होती.

"मला बी ठावं हुतं की, मास्तर," तो म्हणाला. "तिला तेवडं ठावं नव्हतं."